फंक्शनवर एक ओळ चढवली की सर्व्हिस तयार, हे अर्धंच खरंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत प्रोग्रामिंगवरचा लेख आला होता तो वाचला, मराठीत असले विषय कोणी घेतं हेच मुळात कौतुकाचं आहे म्हणून आधी आभार. लेखात म्हटलंय की आपलं नेहमीचं साधं फंक्शन घ्या, त्याच्या डोक्यावर एक डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला नवं आवरण चढवणारी ओळ, टाका, की ते दुसऱ्या मशीनवरून कॉल करता येतं, आणि कॉल करणाऱ्याला फरकसुद्धा कळत नाही. पहिला भाग बरोबर आहे. "फरक कळत नाही" हे मात्र नवीन शिकणाऱ्या पोरांना असं सरळ सांगून सोडून देणं मला पटलं नाही, म्हणून हे पत्र.

आधी ती एक ओळ करते काय ते बघू. नेटवर्कवरून बाइट्स येतात, समजा जेसन-आरपीसी आहे, म्हणजे जेसन या मजकुराच्या साच्यात दूरचं फंक्शन कॉल करायची ठरलेली पद्धत, तर त्यात मेथडचं नाव असतं, पॅरामीटर्स असतात आणि एक आयडी असतो. रॅपर, म्हणजे त्या ओळीने चढवलेलं आवरण, ते जेसन उलगडतो, नाव टेबलमध्ये शोधतो, फंक्शनला काय काय लागतं ते बघून त्या टाइपच्या व्हॅल्यू बनवतो, फंक्शन कॉल करतो, उत्तर परत जेसनमध्ये गुंडाळतो आणि काही फुटलं तर एरर कोड लावून पाठवतो. पायथनमध्ये फंक्शनची सिग्नेचर, म्हणजे त्याच्या पॅरामीटर्सची यादी, चालू प्रोग्राममध्येच वाचता येते, गो या भाषेत त्यासाठी रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रामने स्वतःचेच टाइप बघायची सोय, आहे, आणि सन कंपनीचं आरपीसीजेन किंवा आत्ताचं जीआरपीसी ही दूरच्या कॉलची साधनं वेगळ्या डेफिनिशन फाइलवरून कोडच जनरेट करून देतात. कल्पना जुनी आहे, झेरॉक्स पार्कमधल्या बिरेल आणि नेल्सन यांचा यावरचा गाजलेला पेपर १९८४ चा. दूरचा कॉल शक्य तितका जवळच्या कॉलसारखा वाटावा हाच त्यांचा हेतू होता, इतका की टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं याची मर्यादा, सुद्धा त्यांनी मुद्दाम ठेवला नाही, का तर लोकल कॉलला कुठे टाइमआउट असतो!

पण त्याच पेपरमध्ये प्रत्येक कॉलला एक ओळख दिलेली होती, आणि तेच पॅकेट दुसऱ्यांदा आलं तर ते ओळखून टाकून द्यायची सोय होती. आजच्या एका ओळीच्या रॅपरमध्ये बहुतेक वेळा नेमकं हेच नसतं. जेसन-आरपीसीमध्ये आयडी असतो हो, पण तो फक्त कुठलं उत्तर कुठल्या विनंतीचं हे जुळवायला, तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरने काम पुन्हा करू नये असं स्पेकमध्ये कुठेही नाही. आता समजा साधं फंक्शन आहे, पाठव(कुठून, कुठे, रक्कम). सर्व्हरने रक्कम हलवली, उत्तर निघालं आणि वाटेत कनेक्शन तुटलं, क्लायंटला वाटलं झालंच नाही, त्याने रिट्राय मारला, म्हणजे तीच विनंती पुन्हा पाठवली, रक्कम दुसऱ्यांदा गेली. फंक्शनमध्ये बग शोधून सापडणार नाही कारण ते दोन्ही वेळा अगदी बरोबर चाललं. एकाच प्रोसेसमध्ये असताना "झालं की नाही माहीत नाही" असं तिसरं उत्तर नसतंच हो, इथे असतं, आणि म्हणून हँडलरला, म्हणजे सर्व्हरवर आलेली विनंती हाताळणाऱ्या कोडला, व्यवहाराचा वेगळा नंबर लागतो, जो क्लायंट बनवेल, रिट्राय करताना तोच पाठवेल आणि सर्व्हर लक्षात ठेवेल. आतल्या साध्या फंक्शनला तो पॅरामीटर कधी नव्हताच, मग रॅपर तो आणणार कुठून?

याच फंक्शनवर अजून थोडं थांबतो. जेसन-आरपीसी २.० मध्ये पॅरामीटर्स दोन पद्धतीने पाठवता येतात, क्रमाने किंवा नावाने. क्रमाने पाठवत असाल आणि उद्या कोणी कोड नीटनेटका करायच्या नादात "कुठून" आणि "कुठे" यांची अदलाबदल केली तर दोन्हीचा टाइप सारखाच, त्यामुळे एरर नाही, वॉर्निंग नाही, पैसे आपले उलटे जायला लागले. नावाने पाठवत असाल तर पॅरामीटरचं नाव, जे आजपर्यंत तुमचं घरगुती होतं, ते आता जाहीर झालं, बदललं की बाहेरचे क्लायंट फुटले. गो मध्ये तर वेगळीच तऱ्हा, रिफ्लेक्शनला पॅरामीटरचे टाइप दिसतात, नावं दिसत नाहीत, म्हणून तिथले बरेच लोक सरळ एक स्ट्रक्ट, म्हणजे नावं असलेल्या फील्डचा गठ्ठा, घेतात आणि फील्डला टॅग लावून नावं देतात. माझ्या मते कुठल्याही भाषेत हेच करावं, एक विनंतीचा ऑब्जेक्ट आत, एक उत्तराचा बाहेर.

अर्थात स्ट्रक्ट घेतलं म्हणून सुटलात असं नाही. गो चं स्टँडर्ड जेसन पॅकेज अनोळखी फील्ड आलं तर गुपचूप सोडून देतं आणि न आलेलं फील्ड शून्य राहू देतं. किती ओळी हव्यात हे सांगणाऱ्या "मर्यादा" च्या जागी क्लायंटने "मऱ्यादा" टाइप केलं की मर्यादा शून्य, आणि आतल्या फंक्शनमध्ये शून्य म्हणजे मर्यादाच नाही असं कोणीतरी कधीकाळी ठरवून ठेवलेलं असलं की डेटाबेसचं संपूर्ण टेबल बाहेर. अनोळखी फील्ड नाकारायचा पर्याय त्या पॅकेजमध्ये आहे, फक्त तो आपण मुद्दाम चालू करावा लागतो.

पायथनवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण तुमच्या लेखातलं उदाहरण पायथनचंच होतं. त्यातला रॅपर फंक्शन कॉल करतो आणि टाइपएरर (चुकीच्या टाइपची व्हॅल्यू किंवा चुकीचे पॅरामीटर्स मिळाल्याची पायथनची तक्रार) आला की "पॅरामीटर्स चुकीचे", म्हणजे जेसन-आरपीसीचा एरर कोड -३२६०२, असं उत्तर पाठवतो. वाचायला छान वाटतं. पण टाइपएरर फंक्शनच्या आत, चार पायऱ्या खाली, कोणीतरी नन (None, म्हणजे पायथनची रिकामी व्हॅल्यू) मध्ये आकडा मिळवला म्हणूनही येतो, आणि मग चूक सर्व्हरची असून बोट क्लायंटकडे, तो बिचारा आपलेच पॅरामीटर्स तपासत बसतो आणि तुमच्या मॉनिटरिंगमध्ये इंटर्नल एररचा, म्हणजे -३२६०३ चा, आकडा मस्त शून्य दिसत राहतो. उपाय सोपा आहे, आधी सिग्नेचरवर पॅरामीटर्स नुसते बाइंड करून, म्हणजे कॉल न करता बसतात का ते, बघा, तिथे फुटलं तर -३२६०२, आणि त्यानंतर खरा कॉल, तिथे फुटलं तर -३२६०३, शिवाय डेटाबेसचा मूळ मेसेज जशाच्या तसा बाहेर पाठवू नका. दोन वेगवेगळे ट्राय ब्लॉक (एरर पकडणारे कोडचे तुकडे), एवढंच काम आहे.

आकड्यांचं एका वाक्यात सांगतो, ६४ बिटांचा आयडी जेसनमधून आकडा म्हणून ब्राउजरकडे पाठवला तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदलू शकतात, तेव्हा स्ट्रिंग पाठवा.

आणि काय उघडं ठेवतोय तेही बघायला हवं. गो च्या जुन्या नेट-आरपीसी पॅकेजला अख्खा ऑब्जेक्ट दिला की ज्या एक्सपोर्टेड, म्हणजे पॅकेजबाहेरून वापरता येणाऱ्या, मेथड ठराविक साच्यात बसतात, दोन आर्ग्युमेंट्स, दुसरं पॉइंटर, परत येणारा एरर, त्या सगळ्या नेटवर्कवर जातात, मग एखादी तुम्ही फक्त टेस्टसाठी एक्सपोर्ट केलेली का असेना. पायथनच्या एक्सएमएल-आरपीसी (जेसनऐवजी एक्सएमएल वापरणारी तशीच पद्धत) सर्व्हरमध्ये टिंब देऊन आतल्या ऑब्जेक्टपर्यंत पोचायचा पर्याय आहे आणि त्याच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट इशारा आहे की हा चालू केलात तर घुसखोर तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो. आतल्या खोलीचं दार थेट रस्त्यावर काढल्यासारखं आहे हे. नावं एकेक करून हाताने रजिस्टर करावीत, कंटाळा आला तरी.

वेळेचं पण तसंच. जीआरपीसीमध्ये डेडलाइन, म्हणजे उत्तर कधीपर्यंत हवं ती वेळ, आहे, पण आपण दिली नाही तर डिफॉल्टने ती नसतेच, क्लायंट वाट बघत बसू शकतो. आणि क्लायंटने डेडलाइन दिली, ती संपली, तो निघून गेला, तरी आतलं फंक्शन कॉन्टेक्स्ट, म्हणजे "आता थांब" हा निरोप आत पोचवणारा पॅरामीटर, घेतच नसेल तर ते खुशाल काम करत राहतं, ज्याचं उत्तर घ्यायला कोणी उरलेलं नाही.

हे सगळं लिहिलं म्हणजे रॅपर वाईट असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः रोज वापरतो. कोड लिहायचा एडिटर आणि त्याला कोडची माहिती पुरवणारा लँग्वेज सर्व्हर एकमेकांशी जेसन-आरपीसीवरच बोलतात, दोघं बहुतेक वेळा एकाच मशीनवर, "या शब्दाची व्याख्या कुठे आहे" असे निव्वळ वाचायचे प्रश्न, दोनदा विचारलं तर काही बिघडत नाही, तिथे साधं फंक्शन सरळ हँडलर केलं तर मला काहीच अडचण दिसत नाही. माझा आक्षेप आहे तो काहीतरी बदलणारं, कापणारं, पाठवणारं फंक्शन तसंच्या तसं बाहेर टांगण्याला. तिथे मधे एक पातळ हँडलर हाताने लिहावा, जो विनंती तपासेल, व्यवहार नंबर बघेल, डेडलाइन पुढे देईल, एरर भाषांतरित करेल आणि मगच आतल्या फंक्शनला हाक मारेल, ज्याला नेटवर्क असतं हे माहीतही नसावं. लोक म्हणतात बॉयलरप्लेट, म्हणजे ठरावीक साच्याचा कोड, वाढतं. वाढतं, दहावीस ओळी. पण त्याच ओळींमुळे आतलं फंक्शन तुम्ही हवं तेव्हा बदलू शकता आणि टेस्टही सर्व्हर न उठवता करू शकता.

सनमधल्या चौघांनी १९९४ मध्येच लिहून ठेवलंय की लोकल आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा समजू नका, लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ), मेमरी, अर्धवट बिघाड आणि कॉन्करन्सी (एकाच वेळी अनेक कामं चालणं) या चार गोष्टींत ते वेगळेच वागतात. म्हणजे मी काही नवीन सांगत नाहीये, फक्त तुमच्या लेखात ते राहून गेलं. पुढच्या भागात निदान ते टाइपएररवालं उदाहरण दुरुस्त करून छापलंत तर बरं होईल, पोरं ते जसंच्या तसं कॉपी करतात.

कळावे,
आपला एक वाचक, बॅकएंड प्रोग्रामर