छावणीच्या उत्खननात काळ्या मातीचा विचार हवा

संपादक महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील कैद्यांच्या छावण्यांचे आपल्याकडेही शास्त्रशुद्ध उत्खनन व्हावे, असे आम्हा अभ्यासकांना मनापासून वाटते. भोपाळजवळ बैरागढला इटालियन युद्धकैदी होते. पुरंदरावर जर्मन नागरिक नजरकैदेत होते. मात्र पोलंडमधील झागानच्या छावणीत, जिथून 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी भुयार खणून पळाले, तिथे उत्खननासाठी वापरलेली पद्धत आपल्या भागात जशीच्या तशी चालणार नाही. तिथे वर करडा थर आणि खाली पिवळी वाळू. करड्या मातीवर पिवळी वाळू लगेच उठून दिसे, त्यामुळेच भुयारातली वाळू लपवताना कैद्यांची दमछाक झाली. वाळूत भूभेदी रडारही (जमिनीत लहरी सोडून खाली काय आहे ते दाखवणारे यंत्र) चांगले चालते. विदर्भ-माळव्याच्या काळ्या मातीत, त्यातही ती ओली असेल तर, लहरी थोड्याच खोलीवर विरतात. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या थरातले एखादे बटण भेगेतून खाली जाते आणि जुन्या थरातले वाटते.

म्हणून आधी जुने नकाशे पाहावेत. मग मीटर-मीटरचे चौकोन आखून मेटल डिटेक्टर फिरवावा, प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली तिथल्या तिथे नोंदवावी. काटेरी तार सापडली तर धुऊ नये. कोरड्या ब्रशने साफ करून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट डब्यात ठेवावी, नाहीतर गंजाचे पापुद्रे सुटून हाती भुगा उरतो.

1972 च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार पुरावस्तूला साधारण 100 वर्षांची अट आहे. 1940 च्या दशकातले डबे, तारा, बिल्ले त्यात बसत नाहीत आणि सरळ भंगारात जातात. राज्य सरकारने निदान या जागांची यादी तरी तातडीने करावी.

– पुरातत्त्वाचे काही अभ्यासक, नागपूर