विषय: सलग मिक्स अल्बममध्ये पडणारा खंड आणि तुमच्या ग्राहक सेवेची वागणूक

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार विभाग

क्रुडर आणि डॉर्फमायस्टर या व्हिएन्नाच्या जोडीचा १९९६ चा 'डीजे-किक्स' मिक्स तुमच्या ॲपवर ऐकताना एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी आवाज तुटतो. ही तक्रार तुम्ही 'निकाली' असा शेरा मारून बंद केली आहे. आवाज अजून तुटतोच आहे.

हा मिक्स अल्बम आहे. वेगवेगळ्या कलाकारांची गाणी निवडून, एकाच्या ठेक्यावर दुसऱ्याचा ठेका बसवून त्या दोघांनी ते सलग बांधलं. पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं आत शिरलेलं असतं, सगळी कारागिरी त्या सांध्यातच आहे. सीडीवर ट्रॅकचे नंबर म्हणजे नुसत्या खुणा, मधे आवाज थांबत नाही. एमपी३ सारख्या फायली बनवताना मात्र प्रत्येकीच्या पुढे-मागे थोडी शांतता भरली जाते आणि वाजवताना प्लेअरने ती कापायची असते. तुमचा प्लेअर कापत नाही. तुमच्या इंजिनिअरांना हे मी सांगावं लागू नये.

आता कालचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, "सर, खेड्यात नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो." मी म्हटलं, अल्बम डाऊनलोड केलेला आहे, फोन फ्लाइट मोडवर आहे. "मग मोबाईल जुना असेल." त्याच मोबाईलवर दुसऱ्या प्लेअरमध्ये माझ्या सीडीवरून घेतलेला हाच मिक्स सलग वाजतो, हेही सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, हे असलं म्युझिक तिकडे तुम्हीच ऐकता का? तुम्हाला लावणीची प्लेलिस्ट लावून देऊ का?"

लावणीला मी नावं ठेवत नाही. दंडार आणि खडी गंमत ही आमच्याकडची लोकनाट्यं रात्र-रात्र जागून पाहत मी मोठा झालो. पण हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्री येते, तेव्हा बांधावर बसून मी काय ऐकायचं हे तुमच्या कॉल सेंटरने ठरवायचं नाही. वर्गणी घेताना तुम्ही माझं गाव विचारलं नव्हतं. शहरातल्या ग्राहकाला हाच प्रश्न विचारला असता का?

पुन्हा लिहितो, कारण फोनवर कोणी ऐकून घेतलं नाही: नेटवर्क ठीक आहे, मोबाईल ठीक आहे, तुमचा प्लेअर चुकतो आहे. तुमच्याकडे असे मिक्स आहेत म्हणून मी वर्षाची वर्गणी भरली होती. ते धड वाजवता येत नसतील तर विकता कशाला?

पंधरा दिवसांत प्लेअर दुरुस्त करा, नाहीतर पूर्ण वर्गणी परत करा. दोन्ही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात तो लावता येतो, त्यासाठी मला तुमच्या शहरात यावं लागणार नाही.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

तुमचा वर्गणीदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ