नदीकडचा फ्लॅट कॅन्सल केलाय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही म्हणून लिहितोय. नदीकडच्या बिल्डिंगमधला तुमचा फ्लॅट मी सोमवारी कॅन्सल केला. टोकनमधले पन्नास हजार त्यांनी कापून घेतले, ते माझे गेले असं धरा, त्यावरून आईला काही बोलू नका बाबा. आणि न विचारता केलं म्हणून दोघांची माफी, पण विचारलं असतं तर तुम्ही गॅलरीतून दिसणारी नदी पुढे केली असती आणि मी विरघळलो असतो, मला माझा स्वभाव माहितीये.

आई, तुझा पहिला प्रश्न, "कोल्हापुरात कुठला भूकंप येतोय व्हय?" अगं आज्जी नव्हती का सांगत, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा कोयनेचा धक्का, फडताळातली सगळी पितळी खाली. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच आहे. आपलं म्हणजे कच्छ नाही, मान्य, रोज काही होत नाही. मला भीती धक्क्याची कमी आणि त्या जागेची जास्त आहे.

तुला खरवस आठवतो ना, ताटातला? मी ताटाला नुसतं बोट लावायचो आणि खरवस थुलथुलायचा, मग तू पाठीत घालायचीस. जमिनीचं तसंच असतं. खालचा काळा पाषाण म्हणजे ताट, तो कमी हलतो. वर मऊ गाळ असला की भूकंपाची लाट त्यात शिरून मंदावते आणि तिचं हेलकावणं वाढतं. त्यात गाळाची लय आणि बिल्डिंगची लय जुळली तर संपलं, पाळण्याला बरोबर वेळेवर झोका दिल्यासारखं. मेक्सिको सिटीत १९८५ ला तेच झालं, भूकंप साडेतीनशे किलोमीटरवर समुद्राकाठी, आणि पडल्या त्या जुन्या तळ्याच्या चिखलावरच्या सहा ते पंधरा मजली बिल्डिंगा. त्याच शहरात कडक जमिनीवरच्या भागाला फारसं काही झालं नाही. बाबा, तुम्ही २००१ ला भुजच्या भूकंपात टीव्हीसमोरून उठला नव्हता, अहमदाबाद दाखवत होते. केंद्र अडीचशेएक किलोमीटर लांब, तरी साबरमतीच्या गाळावरच्या, खाली नुसत्या खांबांवर पार्किंग असलेल्या बिल्डिंगा बसल्या.

आपली पण सात मजली, खाली पार्किंगच. मी साइटवर गेलो तेव्हा चपलेला काळ्या मातीचा हा एवढा गोळा चिकटला, काडीनं खरवडून पण निघेना. सॉईल रिपोर्ट मागितला तर चार दिवस फिरवलं. मिळाला त्यात वर दोन मीटर भराव, जुन्या घरांचा राडारोडा, त्याखाली सात मीटर मऊ काळी माती, मग कुठे मुरूम. आणि पाया त्या मातीतच थांबवलेला! आपल्या भूकंपाच्या कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, एवढ्या उंचीला मऊ मातीवर खडकापेक्षा बराच जास्त जोर धरावा लागतो. त्यांनी धरलाय का विचारलं तर सेल्सवाला मला लिफ्टचा ब्रँड सांगायला लागला. तुम्हीच हट्टानं सिव्हिलला घातलंत, आता भोगा.

बाबा म्हणतील गावातच बघ की मग. पण गावातली किती जागा तळी बुजवून झालीये, गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ, मंडईचं नावच कपिलतीर्थ. म्हणून मोरेवाडीकडे बघितलंय. दुमजली, तुमचं तळमजल्यावर, जिना नाही. पाया खणताना मी उभा होतो, चार फुटांवर जेसीबीचा दात मुरमावर खर्रकन घासला, तो आवाज ऐकून मला फार बरं वाटलं, खरंच. मुरूम आहे म्हणून कसंही बांधलं तर चालेल असं नाही हो, सळ्या मी स्वतः मोजल्यात. अंबाबाईला जायला रिक्षा महिन्याची लावून दिलीये. गंगावेशीतलं दूध तिकडे नाही येणार, हे मला पण लागतंय बाबा, पण रविवारी मी नाहीतर दादा नेईल तुम्हाला कट्ट्यावर, ग्लास हातात घेऊन उभं राहायला.

तोवर जुन्या घरात एवढं करा. माळ्यावरचे लोखंडी ट्रंक आणि जातं खाली काढून घ्या, गडी लावून, बाबांनी शिडीवर चढायचं नाही म्हणजे नाही. आईच्या पलंगावरच्या फळीतली लोणच्याची बरणी आजच्या आज हलवा. कपाट भिंतीला स्क्रूनं पक्कं करून घ्या. दगडमातीच्या भिंती आहेत आपल्या, किल्लारीत १९९३ ला तसल्याच भिंतींनी माणसं मारली, घाबरवत नाहीये, पण रात्री तुम्ही दोघं पुढच्या सोप्यात दाराजवळ झोपा. स्वयंपाकघरातली भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसात मिटते ती खालची माती आकसते-फुगते त्याची, तिचं टेन्शन नको. पेन्सिलीनं टोकाला खूण करून ठेवा आणि पुढे सरकली तर मला फोटो टाका. बीपीची गोळी सकाळचीच, चहाच्या आधी.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. रागावला असाल तर समोर बोला, फोनवर नुसतं हं हं नको. आणि आई, शेजारच्या वहिनींची म्हैस व्याली म्हणालीस ना, चिकाचं दूध ठेवायला सांग.

तुमचा,
बाळू