कपिलीच्या खुंट्याला

वस्तीवरून,
रविवार, ३० जून २०१९

बाळ्या,

तुझे तीन फोन आलेले दिसले, एक तर रात्री साडेअकराला. मुद्दामच उचलले नाहीत. चारा छावणीत चार्जिंगची बोंब आहे असं मंगलनं वहिनींना सांगितलं, ते बिचारीनं मला सांभाळून घेतलं. फोनवर तू मला दोन वाक्यं सलग बोलू देत नाहीस आणि हे दोन वाक्यांत मावणारं नाही. म्हणून पोरीच्या वहीची पानं फाडून बसलोय. ती इंग्लंडची मॅच बघायला शेजारच्या वस्तीवर गेलीय, तोवर पानं मोजायला कोणी नाही.

तब्येती ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. माझं वजन उतरलंय, पण यंदा इथं वजन वाढलेला माणूस दिसला तर लोक त्याच्याकडं संशयानं बघतात.

पाऊस आला आणि आपली म्हातारी गाय, कपिली, गेली. उलट सांगितलं. आधी कपिली गेली, सोमवारी. पाऊस गुरुवारी रात्री आला. मधले तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आधी पावसाचं सांगतो, ते सोपं आहे. मृग सगळा कोरडा गेला. वटपौर्णिमेच्या दिवशी पाकिस्तानची मॅच होती, छावणीत एकाच्या मोबाइलभोवती पंधरा माणसं. मँचेस्टरला पाऊस आला म्हणून खेळ थांबला, तर मागनं एक म्हातारी म्हणाली, "तिथं नगं म्हनत्यात आन् तिथंच पडतोय मुडदा." आर्द्रा लागल्या तरी नुसतं वारं. गुरुवारी मी वस्तीवर होतो; आई, पोरगी आणि घोडी बिजली. मंगल जनावरांपाशी छावणीत. दहाच्या सुमाराला पत्र्यावर काहीतरी वाजलं, मला वाटलं वाऱ्यानं खडा आला. बाहेर आलो. थेंब इतके सुटे पडत होते की मोजता आले असते. अंगणातल्या फुफाट्यात प्रत्येकाची एक वाटी उमटायची आणि वाटीच्या कडेला धूळ उभी राहायची. मग वाट्या एकात एक मिसळल्या आणि आवाज एकच झाला. आई ओट्यावरून खाली उतरून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तसाच भिजू दिला तिनं.

आणि मी, बाळ्या, पावसाकडं बघत बावळटासारखा उभा. गंजीवरची ताडपत्री उडून बोरीत अडकलेली, हे दिसलं तेव्हा अर्धा तास झाला होता. दीडशे पेंढ्या कडबा होता. जानेवारीपासून एकेक पेंढी हात आखडून जपलेला. दुष्काळात जो टिकला तो पावसात भिजला. दोन दिवस उलगडून वाळत घालतोय, आतल्या पेंढ्या गरम लागतात हाताला. बुरशी धरलेला कडबा गाभण घोडीला घालायचा नाही एवढं मला कळतं, आणि दुसरा नाही एवढंही कळतं.

तुम्हा शहरातल्या लोकांना वाटतं पाऊस पडला की दुष्काळ संपला. परवा तूच मेसेज केलास, "सुटलास लेका." अरे, चारा तोंडात यायला वीस-पंचवीस दिवस लागतात, तेही वरून अजून एक-दोन पाऊस झाले तर. त्यात कोवळी ज्वारी दिसली म्हणून सोडावं तर जनावर उभ्या उभ्या कोसळतं. छावणीत गुडघाभर राडा झालाय, शेण, मूत, चोथा सगळं एक. गुरांच्या खुरांत चिखल बसून लंगडायला लागलीत. आणि वर कुजबुज, की पाऊस झाला, आता छावणी बंद करणार. माणगंगा वाहिली, म्हणजे पाऊण तास वाहिली. पुढं फेस, पाचोळा आणि एक चप्पल ढकलत पाणी आलं, पोरं काठानं त्याच्याबरोबर पळत होती. राजेवाडीच्या तळ्यात अजून नाव घेण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये मी त्याच्या पोटातून मोटरसायकल घालून पलीकडं गेलोय, भेगांत चाक अडकत होतं.

आता कपिलीचं.

छावणीच्या रजिस्टरला रकाने दोनच. मोठं जनावर, लहान जनावर. सुरुवातीला मोठ्याला १५ किलो ओला चारा, लहानाला साडेसात. फेब्रुवारीत आम्ही दाखल झालो तेव्हा माझ्या नावावर कपिली, तिची लेक, जर्सी, खोंड आणि एक वासरू. कानात पिवळे बिल्ले. मी म्हटलं, साहेब, घोडी पण आहे. तो म्हणाला, दूध देते का, नांगर ओढते का? मी म्हटलं, नवरा वाहते. मागची सगळी माणसं हसली, तोही हसला, आणि घोडी काही कुठल्या रकान्यात बसली नाही. यंदा वराती तरी कुठं होत्या? दोन सुपाऱ्या आल्या आणि फासळ्या बघून परत गेल्या. झूल टाकून फासळ्या झाकतात रे, पण माकडहाड झाकत नाही.

तेव्हा, मार्चमध्ये, तू म्हणालास, विकून टाक. आणि मी म्हणालो की तू तुझी पुढची अर्धी विक, मागच्या अर्धीचं मी बघतो. चौदा वर्षं हा विनोद चाललाय आपला. बाजारात बिजलीची आई चांदणी घेतली तेव्हापासून पुढची अर्धी तुझी, म्हणजे खायला घालायचं तू, आणि मागची माझी, म्हणजे लीद मी काढायची. प्रत्यक्षात तू दोन्ही अर्ध्या माझ्याकडं सोडून चाकणला पळालास. पण त्या दिवशी मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. तू फोन ठेवलास तेव्हा बरं वाटलं मला. हेही सांगून टाकतो.

विकणार कशी होतो? सप्टेंबरला घोड्याला दाखवलेली आहे. नववा सरला, दहावा चालू. पहिलं शिंगरू तुझं असं मी बोललोय. चांदणीच्या वेळी ते मेलेलं निघालं, दुसऱ्या वेळी बिजली झाली आणि ती मीच ठेवून घेतली. तू कधी काढलं नाहीस, पण वहिनींनी एकदा काढलं होतं. पोटातलं वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. एप्रिलपासून तिची कूस खाली उतरायला लागली आणि पाठ वर यायला लागली.

तर मी काय करायचो, कपिलीपुढचं उरलेलं न्यायचो. तिच्या दाढा झिजलेल्या, उसाचं कांडं नुसतं चघळून चोथा टाकायची, वाढं अर्धं तसंच राहायचं. मंगल जनावरांचं बघायची, मी रात्री पोत्यात भरून मोटरसायकलवर वस्तीवर आणायचो. सकाळी बिजलीपुढची गव्हाण चाटून पुसून. नुसतं वाढं खाऊन जनावराचा चुना कमी होतो, म्हणून चुन्याची निवळीही द्यायचो, अगदी शहाण्यासारखा. आधी उरलेलं नेत होतो, बाळ्या. मग उरवून न्यायला लागलो. कधीपासून ते नक्की सांगता येत नाही. एखाद्या दिवशी हात आपोआप गव्हाणीकडं गेला, तिचं खाऊन व्हायच्या आधी. ती मान वर करून बघायची आणि बाजूला सरायची. खिलार इतरांना जवळ येऊ देत नाही, शिंग आडवं करते, तुला तर तिनं पायरीवरून पाडलंय. मला सरून जागा द्यायची. पेंड मिळायची त्यातलीही मूठ मी काढली. तिचीच. जर्सी दूध देते, खोंड वाढतंय, वासरू लहान आहे, लेकीच्या पोटात आहे. सगळा हिशोब करून झाल्यावर तीच उरायची.

शमीनं हॅटट्रिक घेतली त्या शनिवारी रात्री ती बसली. छावणीत एकदम ओरडा झाला, मला वाटलं तिच्याकडं बघून ओरडले. रविवारी आठ जणांनी पोटाखालून पोती घालून, बांबू लावून उचलली. चार पायांवर उभी राहिली, थरथरली आणि परत बसली. डॉक्टर आले, सलाईन लावलं, कॅल्शियम दिलं. त्यांनी विचारलं, खाणं कधीपासून कमी आहे? मी म्हटलं, आठ दिवस झाले असतील. मंगल सलाईनची बाटली धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बाटली या हातातून त्या हातात घेतली. एवढंच. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, दाढा गेल्यात, नुसत्या उसावर किती दिवस तग धरणार. ते खोटं नाही. २००१ च्या पौषात आबांनी खरसुंडीच्या जत्रेतून पाडी आणली, आपण टीवायला होतो, म्हणजे धर की वीसच्या घरात. सगळेच म्हणतात की सोनं झालं. मी आठ दिवसांऐवजी दोन महिने म्हटलं असतं तर डॉक्टरांनी वेगळं काही केलं असतं का, हे मला कळत नाही. विचारायला पुन्हा गेलेलो नाही.

ट्रॉलीतून वस्तीवर आणली, आबांच्या लिंबाखाली जेसीबीनं खड्डा काढला. जमीन अशी की बकेट मुरुमावर आपटून ठिणगी उडाली. मीठ, चुना घातला. गुरुवारच्या पावसानं तो खड्डा खचला, हातभर खाली गेला, आणि अख्ख्या रानात पाणी साठलं ते तेवढ्या एका जागी. शुक्रवारी सकाळी पाच घमेली माती ओढून भरला. शनिवारी परत चार.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते. पाऊस कोसळायला लागल्यावर बिजलीच्या सपराचा एक पत्रा गेला. मी शिडी शोधतोय तोवर आईनं तिला सोडून आणली आणि गोठ्यात कपिलीच्या खुंट्याला बांधली. तुला आठवतं ना? तुझ्या मामांनी चांदणीच्या डोळ्याखालचा भोवरा बघून सांगितलं होतं, आसूढाळ आहे, घरात रडं आणील. तू मामांचं ऐकून मागं सरलास आणि मी हट्टानं घेतली, त्यावरून आपण सहा महिने बोलत नव्हतो. बिजलीलाही तोच भोवरा, डाव्या डोळ्याखाली. चौदा वर्षांत आईनं घोड्याला दावणीजवळ येऊ दिलेलं नाही. ऊन, पाऊस, काही असो. एकदा बिजली सुटून गोठ्यात शिरली तर आईनं सबंध गोठ्यात गोमूत्र शिंपडलं. आणि आता तिनं हातानं बांधली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "रिकामा खुंटा बरा न्हाय." मग जरा वेळानं, पदर पिळत, "हिला तरी पोटभर घाल."

ते "तरी" घेऊन मी तीन रात्री पडलोय. तिला माहीत आहे का? रात्री पोतं उतरवताना ती ओट्यावर झोपलेली असायची, म्हणजे पडलेली असायची. मंगल सांगणारी नाही. की ते नुसतंच म्हणाली, म्हाताऱ्या माणसासारखं? समोरून विचारायची माझी छाती नाही. तुला ती सांगते. आबा गेल्यावर ती माझ्याजवळ रडली नाही, तुझ्याजवळ रडली, ते मला माहीत आहे आणि मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

बिजलीचं म्हणशील तर पहिल्या रात्री ती खुंट्याशी अस्वस्थ होती, सारखं जमिनीला नाक लावून फुरफुरायची. आता रवंथ करणाऱ्या चार जनावरांच्या जागेत एकटी उभी असते. आईचं पाऊल वाजलं की कान टवकारते. पोटावर हात ठेवला की आतून धक्का लागतो. काल पोरीनं हात ठेवला आणि किंचाळली.

माझंच चाललंय मघापासून. वहिनींचे टाके निघाले का? जड उचलू देऊ नकोस, तुझी आई उचल म्हणाली तरी. पोरीला ८१ टक्के पडले हे कळलं. यंदा सगळा निकालच ७७ वर आला म्हणतात, तेव्हा तोंड पाडून बसू नकोस आणि तिला बसवू नकोस. सायन्सचं तिला ठरवू दे. कंपनीत काय, चालूच असेल. खोंडाचं विचारलं होतंस, तर गिऱ्हाईक नाही. २०१४ ला शर्यती बंद झाल्यापासून खिलार खोंडाला लोक दात बघायच्या आधी भाव पाडून मागतात. ठेवलाय.

बेंदूर पंधरवड्यावर आलाय. तेव्हा ये. आईला वेगळं काही विचारू नकोस, तिच्याजवळ जाऊन बस, ती भाकऱ्या थापत असताना बस. शिंगरू ऑगस्टमध्ये होईल, नर झाला तरी तुझाच.

येताना तिकडून चांगली जाड ताडपत्री आण, पंधरा बाय वीसची. इथली वाऱ्याला टिकत नाही. पैसे पुढच्या अर्धीच्या खात्यात लिहून ठेव.

तुझा,
पांड्या

ता. क. पोरगी आली. इंग्लंडकडून हरलो म्हणते. आणि वहीची सहा पानं कुठं गेली ते विचारतेय.