आई, या वेळी ढवळू नकोस

पुणे,
दि. 16 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "तू सांगितलेस तसा तो कॉबलर केला, पण त्याचा पार गिचका झाला. खाली लगदा आणि वर लाल पाणी." बाबांनी त्यात दूध घालून दोन वाट्या खाल्ल्या आणि एका शब्दाने तक्रार केली नाही, हेही तिनेच सांगितले. तेव्हापासून आठवडाभर ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. आई, यात तुझे काही चुकले नाही. मी ऑफिसातून निघता निघता, रस्त्यावरच्या गोंगाटात तुला या फळे आणि पीठ एकत्र भाजून करायच्या गोड पदार्थाची घाईने कृती सांगितली, मापे सांगितली, "वर फळे घाल" एवढेही म्हटले, पण सगळ्यांत महत्त्वाची सूचना माझ्याकडून राहून गेली. म्हणून आज निवांत बसून हे पत्र लिहिते आहे. तुझ्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, तेव्हा बाबांनी ओट्याशेजारी खुर्ची घेऊन हे मोठ्याने वाचावे आणि तू एकेक करीत जावेस, अशा बेताने लिहिले आहे.

बाबा, या पदार्थाचा ध्यास मी का घेतला, ते तुम्हांला आधी सांगते. डिसेंबरात मी साताऱ्याला आले होते तेव्हा तुम्ही भिलारहून स्ट्रॉबेरीचे दोन खोके आणले होते. ते 2017 साली पुस्तकांचे गाव झाले तेव्हापासून तुम्ही दर हिवाळ्यात एकदा तरी तिकडे जाता, दिवसभर एखाद्या घरात वाचत बसता आणि येताना रस्त्यावरच्या मळ्यातून स्ट्रॉबेरी घेता, हे काही नवीन नाही. पण या वेळी तुम्ही एक फळ उचलले, अर्धे खाल्ले, डोळे मिटून क्षणभर थांबलेत आणि उरलेले अर्धे वाटीत ठेवून खोका माझ्याकडे सरकवलात. "दात शिवशिवतात गं, तू खा," असे म्हणालात. मी लहान असताना याच फळाचे देठ खुडून, मिठाच्या पाण्यात धुऊन तुम्ही मला एकेक भरवलेले आहे. ते अर्धे फळ वाटीत तसेच पडलेले मी पाहिले आणि त्याच रात्री ठरवले की, फळ मऊ आणि कोमट होऊन तुमच्या पुढ्यात येईल असे काहीतरी आपण करायचे. शिजवलेल्या फळाचा आंबटपणा साखरेत आणि लोण्यात मुरतो, थंडपणा तर नसतोच, आणि चावण्याचे श्रमही पडत नाहीत.

जॉर्जियात मी दोन वर्षे कामासाठी होते, तेव्हा शेजारच्या आजी उन्हाळ्यात पीचचा कॉबलर करायच्या आणि काचेचे भांडे तसेच गरमागरम माझ्याकडे घेऊन यायच्या. तो अमेरिकेतला जुना घरगुती पदार्थ आहे. इंग्लंडमधून तिकडे वस्तीला गेलेल्या लोकांना आपल्या देशातल्यासारखी पुडिंगे करता येईनात, कारण सामान नव्हते आणि धड भट्टीही नव्हती. मग लोखंडी भांड्यात मिळेल ते फळ घालायचे, त्यावर पिठाचे गोळे किंवा सरसरीत पीठ टाकायचे आणि चुलीतच भाजायचे, अशी रीत पडली. भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. हे ऐकल्यावर मला आपली मोठी आजी आठवली, जी पातेल्यावर ताट आणि ताटावर निखारे ठेवून रव्याचा केक करायची. त्यामुळे हा पदार्थ मला कधी परका वाटला नाही आणि तुलाही वाटू नये, आई. त्याला ओव्हनच लागतो असे मुळीच नाही.

आता सामान सांगते. आमटीची स्टीलची वाटी घे आणि सगळे त्याच वाटीने मोज. अमेरिकेतला कप मोठा असतो, पण प्रमाण तेच राहिले की झाले. एक वाटी मैदा, अर्धी वाटी साखर आणि वर दोन चमचे, एक वाटीला थोडे कमी दूध, एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर, 50 ग्रॅम बटर म्हणजे 100 ग्रॅमच्या पुड्यातले बरोबर अर्धे, आणि चिरलेली फळे दोन वाट्या. जॉर्जियातल्या आजी मैद्याइतकीच साखर घालायच्या, ती मला फार होते आणि बाबांनाही गोडमिट्ट आवडत नाही. बटर खारे असते, म्हणून वेगळे मीठ घालू नकोस. एका गोष्टीची मात्र खात्री करून घे. फडताळात मागच्या फळीवर बेकिंग पावडरचा जो डबा आहे, तो बराच जुना आहे. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. खदखदून फेस आला तर ठीक, नुसती विरघळली तर तो डबा टाकून दे. नवी मिळेपर्यंत दुधाऐवजी ताजे पण आंबटसर ताक घे आणि पावडरीऐवजी पाव चमचा खाण्याचा सोडा. ताकातल्या आंबटपणाने सोडा फुलतो.

स्ट्रॉबेरीचे देठ काढ, मोठी असेल तर चार फोडी कर, लहान असेल तर दोन. त्यांवर ती दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून अर्धा तास बाजूला ठेव. हे करताना एकदा वाटीत नीट पाहा. आधी साखर फोडींवर पांढरी दिसते, मग ती ओली होते, फोडींच्या कडा मऊ पडतात आणि तळाला माणकासारखा रस साठू लागतो. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि हा रस तसाच पिठात गेला की तुझ्या भांड्यात झाले तसे लाल पाणी होते. म्हणून फोडी चाळणीवर निथळून घे आणि खालचा रस लहान स्टीलच्या पातेलीत चार-पाच मिनिटे उकळून थोडा आटव. चमच्याच्या पाठीवर त्याचा पातळ थर टिकला की गॅस बंद कर. हा पाक खाताना वरून घ्यायचा आहे. त्यासाठी आणि मुख्य पदार्थासाठीही ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नकोस, कारण आंबट फळ त्याला लागते आणि चव बिघडते.

कुकरची शिट्टी आणि रबराची रिंग दोन्ही काढून ठेव. तळाला वाटीभर जाडे मीठ पसर, त्यावर जाळी ठेव, झाकण लाव आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू दे. पाणी घालायचे नाही. तोवर स्टीलच्या रुंद डब्यात बटर मंद आचेवर वितळवून घे आणि गॅसवरून उतरव. दुसऱ्या भांड्यात मैदा, साखर, बेकिंग पावडर एकत्र करून त्यात दूध घाल आणि गुठळ्या मोडतील इतकेच हलव. धिरड्याच्या पिठाहून किंचित पातळ होईल. फार फेटू नकोस, फेटल्याने मैदा चिवट होतो.

बाबा, यापुढचा भाग दोनदा वाचा.

डब्यात वितळलेले बटर आहे, त्यावर मधोमध हे पीठ ओतायचे. बटर कडेने वर येईल, पिठावर पिवळी तळी साचतील, आणि तुझा हात आपोआप चमच्याकडे जाईल. तेव्हा ढवळू नकोस, आई. मग निथळलेल्या फोडी पिठावर सगळीकडे पसरायच्या. फोडी पिठावर नुसत्या पडलेल्या दिसतील, काहीतरी अर्धवट राहिले असे वाटेल. तेव्हाही ढवळू नकोस. हीच सूचना माझ्याकडून राहिली होती, आणि तू ढवळलेस यात नवल काहीच नाही, कारण तुझ्या हाताला आयुष्यभर तीच सवय आहे. शिरा, पिठले, खीर, आटवायला ठेवलेले दूध, यांतले काहीही तू एक मिनिटसुद्धा एकटे सोडलेले मी पाहिलेले नाही. तळाला लागू नये म्हणून एका हातात माझ्या वेणीचा पेड आणि दुसऱ्या हातात उलथने, अशी तू मला आठवतेस. या पदार्थात मात्र जे व्हायचे ते झाकणाखाली आपसूक होते. उष्णता लागली की बेकिंग पावडरचे बुडबुडे तयार होतात, पीठ फुगून वर चढते, आणि जड फोडी त्यात हळूहळू खाली उतरतात. बटर कडेला आणि तळाला तळल्यासारखी कड धरते. आधीच सगळे मिसळले तर फळाचा रस पिठात शिरून ते पातळ होते, त्याच्या आंबटपणाने पावडर कुकरबाहेरच फसफसून संपते आणि मग फुगायला काही उरत नाही.

कुकर तापला की गॅस बंद करून मगच डबा सांडशीने आत ठेव, आणि त्या वेळी झाकण बाबांनी धरावे. तापलेल्या कुकरची कड या डोळ्याने तुला नीट दिसत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा घाई करू नकोस. झाकण लावून पुन्हा गॅस पेटव आणि मंद ते मध्यम आचेच्या मधे ठेव. साधारण 45 ते 50 मिनिटे लागतील. पहिली 35 मिनिटे झाकण उघडायचे नाही, नाहीतर फुगलेले पीठ बसते. त्यानंतर पिठाचा भाग पाहून त्यात सुरी खुपसून पाहा. कोरडी आली, कडा डब्यापासून सुटल्या आणि फळांच्या भोवती रस बुडबुडत असेल, तर झाले. वरचा रंग फिका राहील. आच फक्त खालून आहे, मोठ्या आजीसारखे झाकणावर निखारे नाहीत, त्यामुळे तो तांबूस होणार नाही, पण तळाची आणि कडेची पापडी खरपूस असेल. दिवाळीत मी आणलेला लहान ओव्हन वापरायचा असेल तर 180 अंशांवर 40 मिनिटे पुरतात. तुला त्याची भीती वाटते, म्हणून मी आग्रह धरत नाही.

उतरवल्यावर पंधरा-वीस मिनिटे तरी थांबा. गरम असताना रस पातळ असतो, निवताना तो आळतो. मग कोमट असतानाच वाटीत घ्यावे, वर पाक आणि घरच्या दुधाची साय घालावी. तिकडे यावर आईस्क्रीम घेतात. बाबांच्या दातांना ते चालणार नाही, आणि मला विचाराल तर साय अधिक शोभते.

भिलारची स्ट्रॉबेरी मार्च अखेरपर्यंत चांगली मिळते, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर साताऱ्याच्या मंडईतही ती अभिमानाने मांडलेली दिसते. तिचा हंगाम संपला तरी हा पदार्थ थांबवू नका. मे महिन्यात पिकलेल्या पण घट्ट आंब्याच्या फोडी घ्या आणि साखर आणखी कमी करा. पावसाळ्यात सफरचंद घ्यायचे असेल तर साल काढून, पातळ काप करून, चमचाभर बटरवर दालचिनीबरोबर आधी मऊ करून घ्या, कारण ते पिठाबरोबर पुरेसे शिजत नाही. तासगावची द्राक्षे मी एकदा घालून पाहिली. त्यांचे फार पाणी सुटते, ती नुसतीच खावीत.

मी 1 मार्चला, शनिवारी, सकाळच्या गाडीने निघते आहे. त्याआधी एकदा करून पाहा. आच किती ठेवली आणि नेमकी किती मिनिटे लागली, ते बाबांनी याच पत्राच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावे. तुमच्या कुकरचा आणि तुमच्या गॅसचा हिशेब मला इथून कळत नाही. आईने डोळ्यांत औषध वेळेवर घालावे.

तुमची,
मनू