इतिवृत्तातला ‘एकमताने’ हा शब्द

महोदय,

मोठ्या संस्थेतला गैरव्यवहार उघडकीस आला की सारी चर्चा एका माणसाच्या लोभाभोवती फिरत राहते आणि ज्या संचालक मंडळाने त्याचे ठराव वर्षानुवर्षे मंजूर केले, ते नामानिराळे राहते. कंपनी सचिव म्हणून मी अनेक वर्षे मंडळाच्या सभांची इतिवृत्ते लिहिली, म्हणून हे पत्र.

एका सभेत एका ज्येष्ठ संचालकांनी, संबंधित पक्षाशी (म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांच्याच नात्यातल्या किंवा हितसंबंधातल्या व्यक्तीशी वा संस्थेशी) होणाऱ्या व्यवहाराचे मूल्यांकन कोणी केले, असे दोनदा विचारले. उत्तर न मिळताच विषय पुढे सरकला. मी तो प्रश्न मसुद्यात नोंदवला होता. मसुदा अध्यक्षांकडून परत आला तेव्हा त्या चार ओळींवर काट होती आणि समासात ‘सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर’ असे लिहिलेले होते. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाले. त्या संचालकांनी हरकत घेतली नाही आणि मीही गप्प राहिलो, याची खंत आजही वाटते.

‘सत्यम’ या माहिती-तंत्रज्ञान कंपनीच्या मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा निर्णय एकमतानेच घेतला होता. गुंतवणूकदार खवळले तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला. बाहेरच्यांना जे चटकन दिसले, ते कागदपत्रे समोर असलेल्या संचालकांना दिसू नये? तीनच आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँकशिल्लक खोटी असल्याची कबुली राजू यांनी दिली. ‘एन्रॉन’ या अमेरिकी ऊर्जा कंपनीची आचारसंहिता तर ६४ पानांची होती. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवता याव्यात, म्हणून १९९९ मध्ये मंडळाने ती रीतसर मंजुरी देऊन बाजूला ठेवली. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्वतंत्र संचालकांची संख्या वाढवून हे थांबेल, असे मला वाटत नाही. संबंधित पक्षांच्या व्यवहारांपुरते तरी, कोणी काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे नावानिशी नोंदवणे सक्तीचे करावे. सचिवाला काढण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षांच्या हाती ठेवू नये. आणि मूळ मसुदा, त्यावरच्या प्रत्येक दुरुस्तीसह, लेखापरीक्षकांना पाहता येईल असा जपून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त कंपनी सचिव