काकांच्या आतड्यातल्या रक्तस्रावाबद्दल

प्रिय सुहास,

काकांचा रिपोर्ट नीट वाचला. अँजिओडिस्प्लेशिया म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी काकूंना सांग. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, सीकममध्ये, अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या उतारवयात फुगतात, त्यांच्या भिंती पातळ होतात. त्यांचे दिसणारे डाग बहुधा ५ मिलिमीटरहून लहान. रक्त बहुतेकदा आपोआप थांबतं, पण पुन्हा झिरपू लागतं आणि हिमोग्लोबिन उतरत राहतं.

यासाठी पोट उघडायची सहसा गरज पडत नाही. कोलोनोस्कोपीतूनच, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीतच, एपीसी करतात, म्हणजे आर्गॉन वायूच्या साहाय्याने डाग जाळतात. दुर्बिणीतून बारीक नळी जाते, तिच्यातून मिनिटाला साधारण १ लिटर वायू सोडतात आणि तो वायूच वीज अस्तरापर्यंत नेतो. नळीचं टोक अस्तरापासून १ ते ३ मिलिमीटर दूर हवं. टेकलं तर वायू थेट भिंतीत शिरतो. सीकमची भिंत फार पातळ, त्यामुळे तिथे २० ते ४० वॅटच आणि एका जागी एक-दोन सेकंदच. डाग मोठा असेल तर खाली सलाइन टोचून अस्तर उचलून घेतात, आणि कडेपासून जाळत मध्याकडे येतात. वायूने आतडं ताणतं, म्हणून तो अधूनमधून ओढून घ्यावाच लागतो.

तुमच्या हातात आहे ती आतड्याची सफाई, आणि तिथे अजिबात हयगय नको. मळ उरला तर हायड्रोजन-मिथेन साचतो आणि ठिणगीने आतड्यात स्फोट होऊ शकतो. नुसत्या एनिमावर भागत नाही, मॅनिटॉल हे साखरेसारखं रेचकही नको. पीईजीचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पोट साफ करणारं औषध) द्रावण अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं त्या दिवशी पहाटे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

काकांना जिना चढताना दम लागतो, असं तू लिहिलंस. तो रक्त कमी झाल्यामुळेच, असं धरून चालू नका. महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर तिथून जाताना रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात आणि असे डाग जास्त वाहतात. डॉक्टर हाइड यांनी १९५८ मध्येच या जोडीकडे लक्ष वेधलं होतं. अशा वेळी झडप बदलल्यावर रक्तस्राव बऱ्याचदा आटोक्यात येतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) दोन्ही करा.

एकदम खूप रक्त जाऊ लागलं तर सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा स्कॅन), आणि मांडीतल्या धमनीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून रक्त वाहणारी धमनीची फांदी कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक गुंडाळीने, बंद करणं हा मार्ग आहे. पण रक्त वाहत असतानाच जागा सापडते, आणि जास्त भाग बंद झाला तर आतड्याचा तुकडा रक्ताविना मरतो.

एपीसीनंतर सुमारे तिघांत एकाला पुढच्या दोनेक वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो, तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासत राहा. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं असेल तर ते रक्त. पोट दुखून ताप आला, पोट कडक लागलं, तर रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत न्या. वेदनाशामक म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक पूर्ण बंद.

इकोचा रिपोर्ट हाती आला की त्याच दिवशी मला पाठव.

तुझा,
अविनाश